पत्र्याच्या डबीतले दहा बॅज

मी कॅनडाच्या सैन्याच्या रिझर्व्हमध्ये सोळा वर्षं होतो. सार्जंट म्हणून निवृत्त झालो. रिझर्व्ह म्हणजे अर्धवेळ सैनिक. सोमवार ते शुक्रवार मी मार्कहॅममधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचो आणि दर मंगळवारी संध्याकाळी सात वाजता गणवेशात युनिटमध्ये हजर व्हायचो. महिन्यातून एक वीकएंड मैदानात जायचा. लढाईवर मी कधी गेलो नाही. त्यामुळे या आठवणीत तोफा नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. तंबाखूची एक जुनी डबी आहे.

माझं नाव मिलिंद गजभिये, गाव नागपूर. आमच्या युनिटमध्ये गजभिये कोणालाच नीट म्हणता येईना, म्हणून सार्जंटची तिसरी फीत लागल्यावर मी 'सार्जंट जी' झालो. नागपूरच्या माणसाला याहून अधिक मान कोण देणार? वडील दारूगोळ्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. सही घेतल्याशिवाय कोणाच्या हातावर खिळासुद्धा ठेवायचे नाहीत. ती खोड माझ्यात जशीच्या तशी उतरली. प्लॅटूनमधली एखादी वस्तू हरवली, की ती सापडेपर्यंत मला जेवण गोड लागत नसे. माझी बायको सुनंदा म्हणायची, "तुमी ना जी, माणूस कमी अन् रजिस्टर जास्त आहा." सैन्यात मात्र अशा माणसाला किंमत असते. माझ्या दर वर्षीच्या रिपोर्टात एक वाक्य ठरलेलं असायचं: सामानाच्या बाबतीत अत्यंत विश्वासू.

माझं काम शिकवण्याचं होतं. विषारी वायू, रोगजंतू आणि किरणोत्सार यांपासून सैनिकांनी कसं वाचायचं, ते मी शिकवायचो. मास्क, सूट, मीटर आणि डोसिमीटर. डोसिमीटर म्हणजे छातीवर लावायचा छोटा बॅज. माणसाच्या अंगावर किती किरणोत्सार आला, ते तो मोजतो. अर्थात, तो माणसाच्या अंगावर असेल तर.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी एप्रिलमध्ये आम्ही वॉन शहरातल्या एका रिकाम्या वेअरहाऊसमध्ये सराव घेतला. बारा सैनिक होते. मीटर चालतो की नाही हे कळावं म्हणून एका खोक्यात अगदी सौम्य किरणोत्सारी तुकडा ठेवला होता. त्याआधीच्या सरावात एक बॅज हरवला होता आणि त्याचे फॉर्म भरण्यात माझे तीन आठवडे गेले होते. म्हणून या वेळी आत जाण्याआधी मी बाराही बॅज गोळा केले, एका पिशवीत घातले आणि ट्रकच्या कप्प्यात ठेवून कप्प्याला कुलूप लावलं.

प्रायव्हेट ट्रान ही आमच्यातली सर्वांत कमी बोलणारी मुलगी. तिनं विचारलं, "सार्जंट, तो बॅज आमच्या अंगावर नको का?"

"एक्सरसाइज आहे, ट्रान. हरवलास तर फॉर्म तू भरशील?"

बाकीचे हसले. आम्ही आत गेलो. १०:४० वाजता रेडिओ बोलला. झीरो म्हणजे मुख्यालय, वन-टू म्हणजे आम्ही.

"वन-टू, धिस इज झीरो. डोस रिपोर्ट, ओव्हर."

"झीरो, धिस इज वन-टू. डोस निल, ओव्हर."

"निल. रॉजर, आउट."

रॉजर म्हणजे निरोप पोचला. निल, म्हणजे शून्य, येणारच होतं. बॅज ट्रकमध्ये होते. संध्याकाळी मोजले, बाराच्या बारा भरले, आणि मी समाधानानं घरी गेलो.

सप्टेंबरमधल्या एका मंगळवारी १९:४० वाजता कॅप्टन बर्क यांनी मला बोलावलं. युनिटच्या कचेरीचा सगळा कारभार या बाई पाहायच्या.

"सार्जंट जी, एक छोटं काम आहे."

"छोटं म्हणजे किती, मॅम?"

"एक म्हातारा आहे. तो बोलत नाही."

त्या महिन्यात माझ्या कंपनीत नवं व्हर्जन निघायचं होतं आणि मी आधीच गळ्यापर्यंत बुडालेलो होतो. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. पण मॅमनी पुढे केलेलं पत्र वाचलं आणि मी खुर्चीवर बसलो.

पत्र डोरीन मॅकॉली या सत्त्याऐंशी वर्षांच्या बाईंचं होतं. त्या इथून तासाभरावरच्या एका शेतकरी गावात राहायच्या. त्यांचे पती प्रायव्हेट रे मॅकॉली. जवळजवळ सत्तर वर्षांपूर्वी त्यांच्या सेक्शनला, म्हणजे दहा जणांच्या तुकडीला, अमेरिकेतल्या एका वाळवंटात पाठवलं होतं. तिथे अणुबॉम्बची चाचणी होती. बॉम्ब फुटल्यावर पायदळ किती लवकर पुढे सरकू शकतं, हे वरच्या लोकांना पाहायचं होतं. त्यासाठी विशी-बाविशीतली मुलं खंदकात बसवली होती. रे तेहतिसाव्या वर्षी रक्ताच्या कॅन्सरनं गेले.

सेवेमुळे मृत्यू आलेल्या गावच्या सैनिकांची नावं तिथल्या स्मारकाच्या दगडावर कोरलेली आहेत. त्यांत रेचं नाव असावं, एवढंच बाईंचं मागणं होतं. स्मारक समितीनं ते दोनदा नाकारलं. दोन्ही वेळा कारण एकच: नोंदीप्रमाणे प्रायव्हेट मॅकॉली यांच्या बॅजवरची मात्रा शून्य. आता नवी समिती शेवटचं ऐकायला तयार होती, ऑक्टोबरमधल्या एका गुरुवारी १४:०० वाजता. त्या दहांपैकी एकच जण जिवंत होता, सेक्शनचा कॉर्पोरल वॉल्टर केल्सो. वय नव्वद. तो त्याच गावातल्या वृद्धाश्रमात होता. एक अधिकारी, एक पत्रकार आणि केल्सोचा सख्खा नातू असे तिघं जण विचारून परत आले होते. तिघांनाही त्यानं एकच उत्तर दिलं होतं, "मी कागदावर सही केली आहे."

त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी १०:२० वाजता मी केल्सोंच्या खोलीत पोचलो. पलंगावरची चादर इन्स्पेक्शनला लावावी तशी ताणलेली होती. केल्सोंना चालता येत नव्हतं, तरी व्हीलचेअरखालच्या बुटांना चकाकी होती. नाकाला ऑक्सिजनची नळी. खिडकीत तंबाखूची चपटी पत्र्याची डबी, कडा झिजलेल्या. आमचं बोलणं इंग्रजीत झालं, मी ते मराठीत लिहितो आहे.

मी कशासाठी आलो ते सांगितलं. त्यांनी तेच उत्तर दिलं. चाचणीनंतर त्या सगळ्यांकडून गुप्ततेच्या कागदावर सही घेतली होती, बायकोलाही सांगायचं नाही म्हणून. मी म्हणालो, ते बंधन सरकारनं कधीच उठवलंय. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. पुढच्या शनिवारी मी ती घोषणा छापून नेली. त्यांनी चष्मा लावला, शेवटच्या ओळीपर्यंत वाचली आणि मला परत दिली.

"हे जनतेसाठी आहे."

"हो, सर."

"मला सर म्हणू नका, मी कॉर्पोरल होतो. आणि मी जनता नाही. मला गप्प बसायला सांगणारा गणवेशात होता."

मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण मला ते पटलं. आमच्याकडे हुकूम वर्तमानपत्रातून येत नाही, वरून खाली एकेका पायरीनं येतो. सुटकेचा कागद जगजाहीर झाला होता, पण या माणसापर्यंत तो त्या वाटेनं कोणी पोचवला नव्हता.

निघताना तिथल्या मदतनीस मारिसेलबाईंनी मला कॉरिडॉरमध्ये थांबवलं. केल्सोंचं हृदय थकलंय, म्हणाल्या, डॉक्टर आठवड्यांच्या भाषेत बोलतात. मग हळूच म्हणाल्या, "ते रोज विचारतात, सार्जंट परत येणार का म्हणून."

समितीच्या आधीच्या रविवारी मार्कहॅमच्या कम्युनिटी सेंटरमध्ये आमच्या मंडळाचा धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम होता. पंचशील म्हणताना मी चौथ्या शीलाशी अडखळलो. खोटं बोलण्यापासून दूर राहीन. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी सैन्य सोडलेल्या माणसाला मी हुकूम दिला, तर तो खोटाच ठरणार. परतताना गाडीत हे सुनंदाला सांगितलं.

"खोटं काय त्याच्यात?" ती म्हणाली. "निरोपच तर आहे. कोणी नाई पोचवला, तुमी पोचवा."

मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, "बाबा, जस्ट गो. ही'ज वेटिंग फॉर यू."

मंगळवारी मी कॅप्टन बर्क यांच्यापुढे उभा राहिलो. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता, सरळ विचारलं.

"मॅम, मी त्यांना बोलायचा हुकूम देऊ शकतो?"

"नाही." त्यांनी समोरची फाईल मिटली. "पण तुम्ही त्यांना काय म्हणालात, हे मी तुम्हाला विचारणार नाही."

बुधवारी, समितीच्या आदल्या दिवशी, मी कंपनीतून सुटी घेतली. ०९:५० वाजता पूर्ण गणवेशात त्या खोलीत गेलो. छताखाली आम्ही बेरे, म्हणजे गणवेशाची टोपी, काढतो. मी काढली नाही. टाचा जुळवल्या.

"कॉर्पोरल केल्सो."

व्हीलचेअरमधली पाठ सरळ झाली. "सार्जंट."

"तुम्ही सही केलेल्या कागदातून तुम्हाला मोकळं केलेलं आहे. त्या दिवशी काय घडलं, त्याचा रिपोर्ट द्या."

"कोणाच्या अधिकारानं, सार्जंट?"

चांगला सैनिक हे विचारतोच.

"मोकळं सरकारनं केलं. निरोप उशिरा पोचला. तो पोचवतोय मी, आणि त्याची जबाबदारी माझी."

त्यांनी माझ्या फितींकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. "दार लावा," ते म्हणाले. "मारिसेलला राहू द्या. साक्षीदार लागेल."

मी लिहायला बसलो. ते थांबत थांबत, पण एकही वेळ न चुकता सांगत गेले. ०३:०० वाजता उठवलं. ०४:१५ ला खंदकात. गुडघ्यांवर बसायचं, पाठ बॉम्बकडे, डोळे दंडात दाबलेले. स्फोट ०५:१० वाजता. मिटलेल्या डोळ्यांच्या आतही उजेड झाला. आवाज नंतर आला. खंदकाच्या भिंतीनं बैलासारखी ढुशी दिली आणि तोंडात माती गेली. कोणी ओरडलं नाही. ०६:०० वाजता शिट्टी झाली आणि त्यांना त्या ढगाच्या बुडाकडे चालत जायला सांगितलं.

"आता बॅजचं," ते म्हणाले. मारिसेलबाईंनी पाणी दिलं.

रे मॅकॉली हा सेक्शनमधला सर्वांत लाडका आणि सर्वांत वेंधळा. बेरे हरवली, जेवणाचा डबा हरवला, दोनदा शिस्तभंगाच्या चार्जवर गेला. साहेबांनी आधीच बजावलं होतं, ज्याचा बॅज हरवेल त्याची रजा रद्द. रेची रजा दोन आठवड्यांवर होती. घरी डोरीनला सहावा महिना लागला होता, पहिलंच मूल.

"म्हणून खंदकातून निघताना मी बॅज गोळा केले. फक्त त्याचाच घेतला असता तर त्याच्या मनाला लागलं असतं, म्हणून दहाही घेतले. माझ्या तंबाखूच्या डबीत घातले. एक जीप मागे ट्रककडे चालली होती. डबी ड्रायव्हरकडे दिली आणि म्हणालो, ट्रकमध्ये कुलपात ठेव. ट्रक चार मैल मागे होता."

माझा हात थांबला.

"रेनं विचारलं, कॉर्पोरल, माझा बॅज? मी म्हणालो, सुरक्षित आहे. आम्ही पुढे गेलो. वाळू पायाखाली काचेसारखी फुटत होती. एक ससा दिसला, एका बाजूनं भाजलेला, अजून हलत होता. तिथे आम्हाला चाळीस मिनिटं थांबवलं. ज्यांच्याकडे सँडविच होतं त्यांनी ते काढलं. वाऱ्यानं धूळ येत होती. रेनं ब्रेडवर फुंकर मारली आणि खाल्लं. खाताना परत म्हणाला, कॉर्पोरल, तो बॅज माझ्या अंगावर नको का?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणालो, मॅकॉली, तू स्वतःचं डोकंसुद्धा हरवशील. खा गपचूप. सगळे हसले. तोही हसला."

वेअरहाऊसमधला ट्रानचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. तिचा प्रश्न हाच होता, आणि माझं उत्तरही जवळजवळ हेच. फरक एवढाच की माझ्या खोक्यातला तुकडा सौम्य होता. ती माझी हुशारी नव्हती, नशीब होतं. मला स्वतःची शिसारी आली. मी पेन पुन्हा कागदावर टेकवलं.

परत आल्यावर दोन शिपायांनी घरात वापरतात त्या झाडूंनी त्यांचे कपडे झाडले. तेवढीच सफाई. मग केल्सोंनी डबी ताब्यात दिली. साहेबांनी बॅज मोजले. दहा. साहेब म्हणाले, "शाब्बास, कॉर्पोरल. एकही न हरवणारं हे एकच सेक्शन." त्या वर्षी केल्सोंच्या रिपोर्टात सामानाबद्दल चांगलं वाक्य आलं. ते कसं असेल, ते मला पाठ होतं.

"रे आजारी पडला तेव्हा कळलं की नोंदीत शून्य आहे," ते म्हणाले. "सगळ्यांचंच शून्य. ते शून्य कशाचं, ते फक्त मला माहीत होतं. माणसं वाळवंटात होती आणि बॅज ट्रकमध्ये. मी शपथेच्या आड लपलो, सार्जंट. शपथ एवढी मोठी नव्हती."

मी मजकूर वाचून दाखवला. त्यांना सांभाळून घ्यावं म्हणून मी लिहिलं होतं, 'सेक्शनमधल्या एकाने बॅज गोळा केले.' त्यांनी बोट ठेवलं.

"माझं नाव घाला."

घातलं. ११:३५ वाजता त्यांनी सही केली, खाली मारिसेलबाईंनी केली. मग म्हणाले, "उद्या समितीत वाचण्याआधी डोरीनला मी सांगणार. कागदावरून नाही."

दुपारी तीनला मी डोरीनबाईंना त्यांच्या घरून गाडीत घेतलं. बारीक अंगाच्या, कोटाची सगळी बटणं लावलेली. वाटेत मी काही विचारलं नव्हतं, त्यांनी आपणहून सांगितलं. रे रजेवर आला तेव्हा त्याची किटबॅग त्यांनीच उपसली. कपडे हातानं धुतले, तीन पाण्यांतून. सिंकच्या तळाशी राखाडी गाळ बसला, तो बोटांनी काढला. नवव्या महिन्यात मूल झालं, मुलगी. नऊ दिवस जगली. डॉक्टरांनी विचारलं, तुम्ही काही भलतंसलतं घेतलं होतंत का? "मी म्हणाले नाही. मग घरी येऊन आठवत बसले, काय घेतलं असेन." पुढे मूल झालं नाही.

वृद्धाश्रमात केल्सो वाट पाहत होते. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावून घेतलं होतं. डोरीनबाई समोरच्या खुर्चीवर बसल्या, पर्स मांडीवर धरून. मी दाराशी उभा राहिलो.

"डोरीन, रेच्या बॅजवर शून्य आलं, कारण तो बॅज त्याच्या अंगावर नव्हता. माझ्या डबीत होता. मी सगळ्यांचे काढून घेतले होते."

बाईंनी मांडीवरची पर्स सरळ केली. मग म्हणाल्या, "मला वाटलं होतं, त्यानं हरवला."

"नाही."

"तो सगळं हरवायचा. मला वाटलं, हरवला असेल आणि घाबरून दुसराच कुठला तरी दिला असेल. इतकी वर्षं मी त्याच्यावर चिडलेली आहे, वॉल्टर. त्याच्या कबरीपाशी उभी राहूनसुद्धा चिडलेली असते."

"त्यानं हरवला नाही. दोनदा मागितला. मी दिला नाही."

"दोनदा?"

"दोनदा."

"तू त्याच्या शवपेटीला खांदा दिलास."

"हो."

"त्या दिवशी सांगू शकला असतास."

"हो."

केल्सोंनी माफी मागितली नाही. ती मागणं म्हणजे बाईंवर आणखी एक ओझं टाकणं, हे त्यांना कळत होतं, असं मला वाटलं. डोरीनबाई उठल्या आणि मला म्हणाल्या, "मला घरी सोडा." गाडीत त्या अर्धा रस्ता खिडकीबाहेर कापलेल्या मक्याच्या शेतांकडे पाहत होत्या. मग विचारलं, "दोनदा मागितला ना त्यानं?"

"हो, मॅम. दोनदा."

"म्हणजे काळजी घेत होता," त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या. मी गाडी कडेला घेतली. टिश्यूचा डबा पुढे केला.

गुरुवारी १४:०० वाजता समितीचे पाच जण एका लांब टेबलाशी बसले. मी रिपोर्ट वाचला. अध्यक्ष निवृत्त शिक्षक होते. त्यांनी विचारलं, "सार्जंट, यावरून हे सिद्ध होतं का, की ते त्या बॉम्बमुळेच गेले?"

"नाही, सर. ते आज कोणालाच सिद्ध करता येणार नाही. एवढंच सिद्ध होतं, की ते शून्य ट्रकचं आहे, प्रायव्हेट मॅकॉलींचं नाही."

मला बाहेर बसवलं. १४:५० ला आत बोलावलं. तीन विरुद्ध दोन. नाव कोरायचं ठरलं. मी गाडीतून वृद्धाश्रमात फोन केला. मारिसेलबाईंनी फोन केल्सोंच्या कानाला लावला.

"कॉर्पोरल, तीन-दोन. होकार."

तिकडून नुसता श्वास ऐकू आला. मग, "रॉजर."

रिमेंबरन्स डेच्या, म्हणजे अकरा नोव्हेंबरच्या सैनिक स्मृतिदिनाच्या, पाच दिवस आधी केल्सो झोपेत गेले. अंत्यविधीला मी गणवेशात गेलो. डोरीनबाई आल्या होत्या, शेवटच्या रांगेत बसल्या. त्यांनी केल्सोंना माफ केलं का, हे मी विचारलं नाही. विचारण्याचा मला हक्कही नव्हता. मारिसेलबाईंनी माझ्या हातात तंबाखूची डबी दिली. "तुम्हालाच द्यायला सांगितलं होतं. सही घेऊन."

मी सही केली आणि डबी उघडली. मला वाटलं होतं रिकामी असेल. आत अंत्यविधीला वाटतात ती छापील कार्डं होती, घडी घालून, तारखेच्या क्रमानं लावलेली. नऊ. केल्सो प्रत्येकाला पोचवायला गेले होते. प्रायव्हेट लिंड, वय अठ्ठावीस. प्रायव्हेट तेरिओ, एकतीस. प्रायव्हेट मॅकॉली, तेहतीस. प्रायव्हेट बाबियाक, एकेचाळीस. काही जण सत्तरी पाहून गेले, तेही मी लिहितो, कारण खोटं काही लिहायचं नाही. कोण त्या धुळीनं गेला आणि कोण नाही, हे सांगणारे बॅज त्या दिवशी याच डबीत होते. दहावं कार्ड मी केल्सोंचं ठेवलं.

अकरा नोव्हेंबरला सकाळी अकरा वाजता स्मारकापाशी दोन मिनिटं सगळे शांत उभे राहिले. थंडी चांगलीच होती. दगडावरची जुनी नावं काळवंडलेली आणि एकच नाव पांढरं, नव्या छिन्नीचं. डोरीनबाई पुढे गेल्या, हातमोजा काढला आणि त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. एका खाचेत दगडाची पूड राहिली होती. त्या वाकल्या, फुंकर मारून ती उडवली आणि मागे येऊन आपल्या जागी उभ्या राहिल्या.

त्या हिवाळ्यात आमचा पुन्हा सराव झाला, माझा शेवटचा. मी बाराही बॅज माझ्या हातानं बारा छातींवर लावले. सगळ्यांत आधी ट्रानच्या. तिला म्हणालो, "एप्रिलमध्ये तू विचारलं होतंस ते बरोबर होतं. मी चुकलो." त्या दिवशी एक बॅज बर्फात हरवला. फॉर्म मी भरले.

सोळा वर्षांत मी बुटांपासून तंबूंपर्यंत हजारो वस्तूंवर सह्या केल्या. एक सही राहिली होती, ती इथे करतो. प्रायव्हेट रे मॅकॉली यांनी आपला बॅज हरवला नव्हता. त्यांनी तो दोनदा मागितला होता.